खाचर राहील की भराव पडेल?

वैशाख सरत आला की भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्यापुढे काही निर्णय येऊन उभे राहतात. कोणत्या खाचरात हळवे भात लावायचे आणि कोणत्या खाचरात गरवे, राब कोठे भाजायचा, खारीच्या बांधाला यंदा माती घालायची की आहे त्यावर निभावायचे, वरकस पडीक ठेवायचे की त्यात चार ओळी नाचणीच्या पेरायच्या. पिढ्यानपिढ्या हे निर्णय पंचांगातील रोहिणी-मृगाच्या भरवशावर आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुभवावर घेतले गेले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे आणि त्याच्यापुढे बाकीचे सारे प्रश्न फिके पडू लागले आहेत. तो प्रश्न म्हणजे, जमीन कसायची की गोदामाला द्यायची?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे समाजात फिरत असतात. शेतकरी पैशाला भुलला आणि त्याने काळी आई विकली, असे शहरातील सुशिक्षित माणूस हळहळून म्हणतो. विकासाचा रथ कोणी थांबवू शकत नाही, असे दुसरा म्हणतो आणि मोकळा होतो. या दोन्ही उत्तरांत एक मोठी उणीव आहे. शेतकऱ्याच्या मनात प्रत्यक्षात कोणता हिशेब चालतो, त्या हिशेबात पावसाचा वाटा किती, बाजाराचा किती आणि सरकारी धोरणाचा किती, हे पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही. ती तसदी घेतल्याशिवाय भिवंडीच्या भातशेतीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

प्रथम जुनी घडी समजून घेऊ. भिवंडीची जमीन एकसारखी नाही. काल्हेर, कशेळी, अंजूर, खारबाव या अंगाला खाडीकाठची सखल जमीन आहे. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीच्या बाजूला माळाची आणि वरकस जमीन चढत जाते. मधून कामवारी नदी वाहते आणि असंख्य ओहोळ, नाले पावसाचे पाणी खाडीकडे नेतात. खाडीकाठी बांध घालायचा, त्याला उघाड्या ठेवायच्या, भरतीचे पाणी अडवायचे, पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन काढायचे आणि मग तेथे भात पिकवायचे, ही विद्या आगरी शेतकऱ्याने कोणत्याही विद्यापीठात न जाता कमावली. लवकर निचरा होणाऱ्या उंच खाचरात हळवे भात, मधल्या पट्ट्यात निमगरवे आणि पाणी धरून ठेवणाऱ्या सखल खाचरात गरवे, अशी वाटणी ठरलेली असे. वरकसातून नाचणी, वरी, गवत आणि राबासाठी पालापाचोळा मिळे. भात कापून झाले की उरलेल्या ओलीवर वाल पेरला जाई.

या व्यवस्थेकडे अडाणी रूढी म्हणून पाहणारे आजही आहेत. वास्तविक ती जोखमीची अत्यंत विचारपूर्वक केलेली विभागणी होती. पाऊस लवकर परतला तर हळवे भात घरात आलेले असे; तो लांबला तर गरव्याला फायदा होई. भात अर्धे गेले तरी नाचणी आणि वाल घर चालवीत. एका मोसमात सगळेच बुडेल असा प्रसंग क्वचितच येई. विमा कंपनी नव्हती, पण विम्याचे तत्त्व बांधाबांधावर रुजलेले होते.

या घडीचा पाया एकच होता. पाऊस कमी-अधिक होईल, पण त्याचे येणे-जाणे साधारण ठरलेले राहील, हा विश्वास. तोच आज डळमळीत झाला आहे. हवामान खात्याच्या नोंदीनुसार मुंबई परिसरात मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ साली तो २५ जूनला आला. २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन थडकला आणि नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचे सर्वांत लवकरचे आगमन म्हणून त्याची गणना झाली. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने आगमनात एक महिन्याचा फरक! २०२३ साली शेतकरी कोरड्या आभाळाकडे पाहत बसला होता, तर २०२५ साली राब भाजायला आणि धूळवाफेवर पेरायला जमीन कोरडीच मिळाली नाही. त्याच २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऑगस्ट म्हणजे आवणी आटोपून भात फुटव्यावर येण्याचा महिना.

शेवटही असाच बेभरवशाचा झाला आहे. मुंबई परिसरातून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठले आणि कापून खाचरात पसरलेल्या भाताला कोकणभर कोंब फुटले. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' आणि २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' आले. जी हळव्या भाताची कापणी दसऱ्याच्या आसपास निर्धास्तपणे होत असे, ती आता भर पावसात येते. म्हणजे ज्या वाणाचा लवकरपणा हे त्याचे बलस्थान, तेच त्याचे संकट झाले. फुलोऱ्यात सतत पाऊस लागला तर दाणा भरत नाही आणि लोंबी पोचट राहते. ही गोष्ट कोणत्याही शेतकरणीला कोणी शिकवावी लागत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह केलेले एक संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचाही समावेश आहे, १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे. एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही; उलट घटला आहे. याचा अर्थ इतकाच की पाऊस आता थोडक्या दिवसांत, मोठ्या झोडपणीने पडतो आणि मधले दिवस कोरडे जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवसाची आठवण ठाणे जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांना करून देण्याची गरज नाही. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती. तीच उल्हास पुढे भिवंडीच्या खाडीत येते.

आता दुसरी बाजू पाहू. मुंबई-आग्रा महामार्ग भिवंडीतून जातो, न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि मुंबई महापालिकेची जकात शहराच्या वेशीवर घेतली जात असे. वेशीबाहेर, पण शहराला लागून, माल ठेवायला भिवंडीच्या ग्रामपंचायतींइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. पूर्णा, दापोडे, वळ, राहनाळ, मानकोली, सोनाळे या गावांची नावे देशभरच्या मालवाहतूकदारांच्या तोंडी बसली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवाकर आला आणि जकात गेली. आता गोदामे कमी होतील असे काहींना वाटले होते. झाले उलटेच. राज्याराज्यात छोटी गोदामे ठेवण्याऐवजी मोठे, एकत्रित गोदाम बांधणे कंपन्यांना परवडू लागले आणि घरपोच खरेदीच्या व्यापाराने त्यात भर घातली. त्यातच समृद्धी महामार्गाचे भिवंडीकडील टोक तालुक्यातीलच आमणे येथे आले आणि ५ जून २०२५ पासून नागपूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा मार्गही या तालुक्यातून आखला आहे. म्हणजे मागणी ओसरण्याचे चिन्ह नाही.

शेतकऱ्याचा हिशेब मांडून पाहा. एका एकरात पंधरा क्विंटल भात आले, म्हणजे मोसम चांगला गेला असे म्हणायचे. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. पंधरा क्विंटलांचे झाले ३५,५३५ रुपये. यातून नांगरट, बियाणे, खत, आवणीची व कापणीची मजुरी वजा करायची. आणि हे सारे पाऊस वेळेवर आला व वेळेवर गेला तर. आता त्याच एकराच्या निम्म्या भागावर गोदाम उभे राहिले असे समजा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. निम्मे म्हणजे २१,७८० चौरस फूट. चौरस फुटाला महिना अवघे दहा रुपये भाडे धरले, तरी महिन्याला २,१७,८०० रुपये होतात. बांधणाऱ्याने दोन वाटे घेतले आणि जमीनमालकाला एकच वाटा आला, तरी त्याच्या हाती महिन्याला ७२,६०० रुपये पडतात. म्हणजे एका महिन्याचे भाडे वर्षाच्या भाताच्या दुप्पट, आणि तेही ढगाकडे न पाहता. हा हिशेब मांडल्यानंतर शेतकऱ्याला लोभी म्हणणाऱ्याने स्वतःच्या घरी तो एकदा मांडून पाहावा.

आणि हवामानाचा बदल या तराजूत नेमका कोठे बसतो, हेही लक्षात घ्यावे. तीन वर्षांत दोनदा पीक हातचे गेले, आवणीला मजूर मिळेनासे झाले, मुलगा कारखान्यात किंवा गोदामात कामाला लागला, की 'यंदा राहू द्या' असे घरात ठरते. जमीन एक वर्ष पडीक राहते. पडीक जमिनीचे बांध फुटतात, उघाडी निकामी होते, खारे पाणी आत शिरते. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा लागवडीखाली आणायला दुप्पट खर्च येतो. तिसऱ्या वर्षी दलाल दारात उभा असतो. जमीन एका दिवसात विकली जात नाही. पावसाने आधी तिच्यावरचा विश्वास झिजवलेला असतो आणि मग व्यवहार होतो.

येथपर्यंतचा विचार एका शेतकऱ्याचा झाला. परंतु पाणी सातबारा पाहून वाहत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. भाताचे खाचर म्हणजे बांधलेले छोटे तळे. एका एकराच्या खाचरात दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते सुमारे चार लाख लिटर होते. शंभर एकर खाचरे चार कोटी लिटर पाणी थोपवून धरतात, सावकाश जिरवतात आणि सावकाश सोडतात. हे काम ती फुकट करतात आणि कोणाच्याही हिशेबवहीत ते लिहिले जात नाही. त्याच खाचरावर मुरमाचा भराव पडला की ते पाणी शेजारच्या खाचरात जाते. शिवाय गोदामाच्या छपरावरून पडणारे पाणी निराळेच. दहा हजार चौरस फुटांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९३ हजार लिटर पाणी क्षणाचाही उसंत न घेता खाली येते. एकेका गावात अशी छपरे किती आहेत, ते महामार्गावरून जाताना कोणीही पाहावे.

परिणाम असा की ज्याने जमीन दिली नाही, भात लावण्याचा निर्णय घेतला, त्याच्या खाचरात आठ-आठ दिवस पाणी तुंबते. नाला बुजवलेला असतो किंवा भिंत घालून वळवलेला असतो. आवण कुजते. पुढच्या वर्षी तोही विचार करतो, 'आता या खड्ड्यात भात लावून काय मिळणार?' आणि भरावाला होकार देतो. त्याचा हा निर्णय कागदावर स्वखुशीचा असतो. प्रत्यक्षात तो शेजाऱ्याच्या भरावाने त्याच्यावर लादलेला असतो. एकाचा भराव तो दुसऱ्याचा पूर, आणि दुसऱ्याचा भराव तो तिसऱ्याचा. अशी ही साखळी गावाच्या शेवटच्या खाचरापर्यंत आणि अखेर भिवंडी शहराच्या सखल वस्त्यांपर्यंत जाते. तेथे यंत्रमागावर काम करणारा मजूर दरवर्षी गुडघाभर पाण्यात उभा राहतो. त्याने तर कोणतीही जमीन विकलेली नसते.

आणखी एक वर्ग असा आहे की ज्याला या निर्णयात मतच नाही. वाट्याने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. आवणीला आणि कापणीला येणारी वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे यांचे वर्षाचे दोन-तीन महिने भातशेतीवर निघत. घरातील स्त्री तर आयुष्यभर चिखलात उभी राहिली, पण सौद्याच्या कागदावर सही करण्यापलीकडे तिला विचारण्याची रीत नाही. गोदामाने रोजगार दिला हे खरेच आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. पण तो रोजगार या माणसांना मिळाला का, हे गावागावात जाऊन पाहिले पाहिजे. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने कसणारा हा जमिनीचा मालक ठरला, तेव्हा त्यामागची भूमिका कसणाऱ्याच्या श्रमाला मान देण्याची होती. दोन पिढ्यांच्या आत त्या श्रमाची अशी विस्मृती व्हावी, हे समाज म्हणून आपल्याला शोभणारे नाही.

शासनाने या काळात काय केले? २००७ साली भिवंडीभोवतीच्या साठ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. हेतू चांगला होता. पण नियोजन कागदावर होत राहिले आणि भराव जमिनीवर पडत राहिला. बांधकाम आधी आणि परवानगी नंतर, अशी या भागाची ख्याती झाली. खारभूमीच्या विकासासाठी राज्यात १९७९ पासून स्वतंत्र कायदा आहे; तरीही फुटलेल्या बांधाची आणि मोडलेल्या उघाडीची दुरुस्ती पाऊस तोंडावर आल्यानंतरच आठवते.

पीकविम्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ साली आली. भात ज्या एका संकटाने सर्वाधिक मरते, ते म्हणजे शेतात पाणी तुंबणे. नेमका तोच धोका २०१८ साली भातासाठी स्थानिक आपत्तीच्या यादीतून काढून टाकण्यात आला. तो पुन्हा समाविष्ट करण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली आणि त्यासाठी २०२६ चा खरीप निश्चित केला. मधली वर्षे खाडीकाठचा भातकरी ज्या संकटापासून संरक्षण हवे त्याच संकटासाठी उघडा राहिला. राज्याने २०२३ साली एक रुपयात विमा दिला आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद करून शेतकऱ्याचा दोन टक्के हिस्सा पुन्हा लागू केला. हप्ता किती, याहून भरपाई कशाची आणि किती दिवसांत, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा आहे. जोपर्यंत त्याचे उत्तर समाधानकारक मिळत नाही, तोपर्यंत गोदामाचे भाडे हाच त्याला खरा विमा वाटणार.

ज्या कल्याण-भिवंडीचा ताबा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात घेतला, त्या भूमीत बोलताना महाराजांच्या एका पत्राचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १६७६ च्या सप्टेंबरमध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना त्यांनी लिहिलेले आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिरावे, शेतकऱ्यांना गोळा करावे, ज्याच्यापाशी बैल नाहीत त्याला बैल द्यावेत, खायला धान्य द्यावे, आणि दिलेले मुद्दल व्याज न घेता, त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे, असा त्याचा आशय आहे. यातील राजनीती आजही शिकण्यासारखी आहे. जमीन लागवडीखाली राहावी असे राज्याला वाटत असेल तर तिच्या जोखमीत राज्याने वाटा उचलला पाहिजे. शेतकऱ्याला नुसते उपदेश करून खाचर टिकत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे पाण्याच्या वाटा ठरवून घ्याव्यात. प्रत्येक गावाच्या नकाशावर ओहोळ, नाले, उघाड्या आणि सखल खाचरे आखली जावीत आणि त्या पट्ट्यात भराव टाकण्यास पूर्ण मनाई असावी. गोदामे व्हायचीच असतील तर ती उंच, निचऱ्याच्या जमिनीवर व्हावीत. ज्याने छप्पर उभारले त्याने त्यावरचे पाणी स्वतःच्या आवारात तळे करून धरावे. ही अट परवानगीच्या वेळीच घालावी आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तपासावी. विनापरवाना बांधकाम दंड भरून नियमित करून घेण्याची वाट खुली राहिली तर कोणताही नकाशा टिकणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे असे की सखल खाचरे भातासाठी राखून ठेवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. तो शेजाऱ्याच्या गोदामाला पुरापासून वाचवतो, मग त्याने तो उपकार फुकट का करावा? ग्रामपंचायतींना गोदामांकडून कर मिळतो. त्यातील ठरावीक भाग बांध, उघाड्या, नाले यांच्या दुरुस्तीसाठी आणि खाचर राखणाऱ्या शेतकऱ्याला एकरी साहाय्य देण्यासाठी बाजूला काढता येईल. शेतकऱ्याने गरीब राहून पर्यावरण सांभाळावे आणि बाकीच्यांनी त्याचे कौतुक करावे, हा न्याय नव्हे.

तिसरी गोष्ट बियाण्याची आणि पद्धतीची. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून काम करीत आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल-१, २ आणि ३ हे वाण दिले आहेत. पंधरवडाभर पाण्याखाली राहूनही पुन्हा उभारी धरणारे 'स्वर्णा-सब-१' हे वाण २००९ सालापासून देशात उपलब्ध आहे; त्याच गुणाचे कोकणाला मानवणारे वाण येथे प्राधान्याने यायला हवेत. डॉ. नारायण सावंत यांनी रूढ केलेली चारसूत्री लागवड कोकणाला परिचित आहे. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी व आवणी दोन्ही टळतात. मजूर मिळत नाहीत आणि पाऊस वेळ पाळत नाही, अशा दोन्ही अडचणींवर तो विचार करण्याजोगा उपाय आहे. गरज आहे ती हे ज्ञान रोहिणी नक्षत्रापूर्वी, बियाण्याच्या पिशवीसह, बांधावर पोहोचण्याची. हळवे, निमगरवे, गरवे अशी जुनी विभागणीही नव्या पावसाच्या हिशेबाने पुन्हा आखावी लागेल. सर्व गाव एकाच दिवसांचे एकच वाण लावू लागले, तर एकाच पावसात सर्व गाव बुडेल. वाडवडिलांनी जोखीम वाटून घेण्याचे जे सूत्र दिले, ते सोडण्याचे कारण नाही. त्यातील वाण आणि तारखा तेवढ्या बदलायच्या आहेत.

चौथी गोष्ट दुसऱ्या पिकाची. मुंबईला पाणी पाजणारे पांजरापूरचे जलशुद्धीकरण केंद्र याच तालुक्यात आहे, भातसा-तानसाचे पाणी याच तालुक्यातून महानगराकडे जाते, आणि भात कापल्यानंतर येथील शेती मात्र बहुतांशी कोरडी राहते. ज्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात भेंडी, वाल, भाजीपाला यांपुरते पाणी मिळते, त्याचा एकराचा हिशेब वर मांडलेल्या हिशेबाहून बराच वेगळा होतो. समोर एवढी मोठी बाजारपेठ असताना तिला ताजी भाजी पुरवणारा तालुका म्हणूनही भिवंडीला भवितव्य आहे. पाण्याचा न्याय्य वाटा हा त्यासाठीचा पहिला हक्क होय.

यातील बरेच काही शासनाने करायचे आहे, परंतु सर्व काही शासनावर सोपवून चालणार नाही. भराव टाकताना शेजाऱ्याला विचारण्याची रीत गावातच निर्माण व्हायला हवी. नाला कोणी बुजवला हे गावात प्रत्येकाला माहीत असते. बोलत कोणी नाही, कारण उद्या आपल्यालाही तेच करायचे आहे, असे मनात असते. हे मौन ग्रामसभेत मोडले पाहिजे. लोनाड परिसरात शिलाहार काळातील मंदिर आहे, शिलालेखही आहेत. त्या काळी भूमिदानाचा लेख दगडावर कोरला जाई आणि ते दान मोडणाऱ्याला शापवाणी सुनावणारे गधेगळ उभारले जात. भाषा त्या काळाची होती, पण जमिनीविषयीचा शब्द सर्वांसमक्ष द्यायचा आणि तो मोडणाऱ्याने सर्वांसमक्ष लाज बाळगायची, हा त्यामागचा संकेत आजच्या ग्रामसभेलाही उपयोगी पडेल.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत भिवंडी तालुक्यातील प्रत्येक गावाने आपल्या पाण्याच्या वाटांचा नकाशा मांडावा. कोणते खाचर काही झाले तरी राखायचे, कोणता नाला यंदाच मोकळा करायचा, कोणत्या उघाडीला नवी फळी बसवायची, हे ठरावाने नोंदवावे आणि त्या ठरावाची प्रत प्राधिकरणाला व जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. वाट्याने कसणारा, मजुरीला येणारा आणि घरातील शेतकरीण यांना त्या सभेत बोलू द्यावे. गोदामे येत राहतील, रस्ते येत राहतील, पाऊसही आता आपल्या मर्जीने येत राहील. त्याला जागा कोठे ठेवायची, एवढाच निर्णय आपल्या हाती उरला आहे. तो आपण घेतला नाही तर पाणी घेईल, आणि ते कोणाचीही हरकत ऐकून घेणार नाही.